एक संघ धरा, नोव्हेंबरपासून: कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम कसा पाहावा

दर मार्चमध्ये आमच्याकडे कुणी ना कुणी विचारतंच, "ते ब्रॅकेट भरायचं म्हणजे नक्की काय करायचं असतं?" ऑफिसात ब्रॅकेटचा कागद फिरत असतो, म्हणजे मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत कोण कुणाला हरवेल याचे अंदाज भरायचा तक्ता, त्यावर ६८ संघांची नावं असतात आणि त्यातली निम्मी कधी कानावरूनही गेलेली नसतात. मी नॉर्थ कॅरोलायनात, रॉलीला लागून असलेल्या केरी गावात राहते. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी आलेली मराठी घरं या भागात पुष्कळ आहेत. त्यातल्या बहुतेकांची कॉलेज बास्केटबॉलशी ओळख अशी शेवटच्या पानापासून होते.

ब्रॅकेट जरूर भरा. पण मार्चच्या त्या तीन आठवड्यांत जे पाहून माणसं रडतात, ते नोव्हेंबरपासून साठत आलेलं असतं. त्यामुळे इथे सुरुवात नोव्हेंबरपासून केली आहे. उदाहरणाला माझा संघ घेते, एनसी स्टेट, म्हणजे रॉलीतली नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी. त्यांचा २०२३-२४ चा हंगाम नीट समजला तर या खेळाचं जवळजवळ सगळं कळतं. शेजारचे दोन निळे संघही अधूनमधून येतील: गडद निळा ड्यूक आणि फिकट निळा नॉर्थ कॅरोलायना, ज्याला इथे नुसतं कॅरोलायना म्हणतात.

पहिली पायरी: संघ धरा

डिव्हिजन वन, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जात, पुरुषांचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. सगळे पाहणं कुणालाच शक्य नाही, म्हणून एकच धरा. तुम्ही जिथे शिकलात, तुमची मुलगी जिथे शिकते किंवा तुमचं घर ज्या कॉलेजाजवळ आहे, तो संघ तुमचा. टीव्हीवर सारखा जिंकताना दिसतो म्हणून कुठलाही संघ धरू नका. तसा धरलेला संघ पहिल्या तीन पराभवांत सुटतो.

इथले खेळाडू एक ते चार-पाच वर्षं खेळतात आणि जातात. टिकतं ते कॉलेजचं नाव. पुण्यात ज्यांनी पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात "अरे आव्वाज कुणाचा" म्हणून घसा बसवून घेतला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. रंगमंचावरची मुलं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, आरोळी मात्र तीच राहते.

आमच्या भागात निवड करणं फार अवघड आहे. डरहॅमचं ड्यूक आणि चॅपल हिलचं कॅरोलायना यांच्यात सुमारे १० मैलांचं अंतर, आणि एनसी स्टेट रॉलीत, दोन्हींपासून अर्ध्या तासावर. तिघंही एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) या एकाच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे दरवर्षी आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या एकाच गटात. ड्यूकचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम १९४० सालचं आहे. त्यात जेमतेम ९,३१४ माणसं मावतात, आणि कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्याच्या तिकिटासाठी विद्यार्थी बाहेर कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात. त्या तंबूंच्या वसाहतीला प्रशिक्षक माइक शिशेफ्स्की यांच्यावरून 'शिशेफ्स्कीव्हिल' असं नाव पडलं आहे. शिशेफ्स्कींनी १९८० ते २०२२ अशी ४२ वर्षं हा संघ सांभाळला आणि ५ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. कॅरोलायनाकडे प्रशिक्षक डीन स्मिथ यांचा वारसा आहे. १९८२ च्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाच्या मायकेल जॉर्डनने मारलेला विजयी शॉट त्यांच्याच संघाचा. आम्हा लाल रंगवाल्यांकडे विजेतेपदं दोनच आहेत, १९७४ आणि १९८३. दोन्हींच्या गोष्टी मात्र अशा, की सांगताना अजून आवाज चढतो.

दुसरी पायरी: लागतील तेवढेच नियम

पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन सत्रांचा, महिलांचा १० मिनिटांच्या चार सत्रांचा. चेंडू हातात आल्यापासून ३० सेकंदांत शॉट मारावा लागतो. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. बरोबरी नसतेच. गुण समान झाले तर पाच-पाच मिनिटांचा जादा वेळ, निकाल लागेपर्यंत. संघाच्या नावापुढे १७-१४ असं लिहिलेलं दिसेल, त्याचा अर्थ १७ विजय, १४ पराभव.

एक नियम मात्र नीट समजून घ्या, कारण सामने त्यावरच फिरतात. पुरुषांच्या सामन्यात एका सत्रात एखाद्या संघाचे सात फाउल झाले, की सातव्यापासून समोरच्या खेळाडूला 'वन अँड वन' मिळतो. पहिला फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा, कुणी न अडवता मारायचा शॉट) बास्केटमध्ये गेला तरच दुसरा मिळतो. पहिला हुकला तर चेंडू खेळात आणि ज्याच्या हाती लागेल त्याचा. दहाव्या फाउलपासून दोन्ही थ्रो हक्काने मिळतात. एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये हा प्रकार नाही. तीन गुणांनी पुढे, पाच सेकंद बाकी आणि हातात वन अँड वन, अशा वेळी विशीतल्या मुलाचे पाय कसे जड होतात ते इथेच दिसतं. २०२४ च्या मार्चमध्ये नेमकं हेच घडलं. तिथे येतेच.

तिसरी पायरी: नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वही उघडा

हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. पहिले दोन महिने बहुतेक सामने कॉन्फरन्सबाहेरच्या संघांशी असतात. मोठे संघ लहान कॉलेजांना घरी बोलावतात आणि तीस-चाळीस गुणांनी हरवतात. त्या विजयांनी हुरळून जाऊ नका. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात हवाईत आणि इतर ठिकाणी ज्या लहान स्पर्धा भरतात, त्या पाहा. तिथे तटस्थ मैदानावर तीन-चार दिवसांत तोलामोलाचे सामने होतात आणि संघाचा खरा कस कळतो.

मी एक साधी वही ठेवते. प्रत्येक सामन्यानंतर चारच गोष्टी लिहायच्या: शॉट किती टक्के गेले, चेंडू किती वेळा फुकट घालवला, स्वतःच्याच हुकलेल्या शॉटचे रिबाउंड किती परत मिळवले, आणि फ्री थ्रो किती मिळाले. दहा सामन्यांत तुम्हाला तुमचा संघ ओळखू येईल. नुसत्या गुणसंख्येवर विसंबू नका. काही संघ सावकाश खेळतात आणि ६० गुणांत जिंकतात, काही धावत सुटतात आणि ९० करूनही हरतात. म्हणून जाणकार चेंडूचा ताबा मिळाल्याच्या दर १०० वेळांमागे किती गुण केले आणि किती दिले, ते बघतात. केन पॉमरॉय यांची 'केनपॉम' ही क्रमवारी याच हिशेबावर उभी आहे.

दर सोमवारी एपी या वृत्तसंस्थेची क्रमवारी जाहीर होते. पत्रकारांनी मतं देऊन ठरवलेले २५ संघ त्यात असतात. चर्चेला छान, पण तिला फार जीव लावू नका. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू होण्याआधी कॅरोलायना त्या यादीत पहिली होती. आधीच्या वसंतात त्यांनी शिशेफ्स्कींना घरच्या शेवटच्या सामन्यात हरवलं होतं, महिन्याभरात फायनल फोरमध्ये (राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांच्या फेरीत) पुन्हा ८१-७७ असं हरवून त्यांची कारकीर्दच संपवली होती, आणि कॅन्ससविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला १५ गुणांनी पुढे असूनही विजेतेपद ३ गुणांनी हुकलं होतं. त्याच संघातले मुख्य पाचपैकी चौघं परत आले होते. मग थँक्सगिव्हिंगला आयोवा स्टेटशी हार, अलाबामाशी चार जादा सत्रांनंतर १०१-१०३ अशी हार, आणि पुढे आणखी दोन. शेवटी २०-१३. मार्चच्या स्पर्धेत जागाच मिळाली नाही. स्पर्धा १९८५ मध्ये ६४ संघांची झाल्यापासून, पहिल्या क्रमांकाने सुरुवात करून बाहेर राहिलेला तो पहिला संघ. मी त्यांची चाहती नाही, पण त्या मुलांचे डिसेंबरमधले चेहरे पाहवत नव्हते.

चौथी पायरी: जानेवारी-फेब्रुवारी, हरण्याचे महिने

आता सामने कॉन्फरन्समधले, आठवड्याला दोन. समोरचे प्रशिक्षक तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखतात, बाहेरगावचं मैदान अंगावर येतं, खेळाडू दमलेले असतात. नवा प्रेक्षक इथेच गळतो. गळू नका.

या काळात निकालाबरोबर 'कुठे' हेही लिहून ठेवा. मार्चमध्ये संघ निवडणारी समिती 'नेट' नावाची क्रमवारी वापरते आणि प्रत्येक विजयाला त्यानुसार चार गटांत टाकते. पहिल्या गटातला विजय सर्वांत मोलाचा. त्यासाठी घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधला संघ हरवावा लागतो, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मधला चालतो, आणि परक्या मैदानावर पहिल्या ७५ मधला. म्हणजे साठाव्या क्रमांकाच्या संघाला घरी हरवलं तर फारसं कुणी विचारत नाही, त्यालाच त्याच्या गावात जाऊन हरवलं तर ते मार्चमध्ये कामाला येतं. एवढं समजलं की फेब्रुवारीतला कुठलाही सामना निरस वाटत नाही.

आमचा २०२४ चा फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीचा काळ मात्र खरंच वाईट गेला. नियमित हंगामाचे शेवटचे चारही सामने एनसी स्टेट हरलं: फ्लोरिडा स्टेट, कॅरोलायना, ड्यूक, पिट्सबर्ग. १७-१४. पंधरा संघांच्या एसीसीत दहावा क्रमांक. प्रशिक्षक केव्हिन कीट्स यांनी आता जावं, असं उघड बोललं जात होतं. त्या आठवड्यात मी वहीत फक्त निकाल लिहिले, बाकी रकाने कोरे आहेत.

पाचवी पायरी: मार्चमध्ये आत जायचे दोन रस्ते

राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ. आत जायचा एक रस्ता म्हणजे आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकणं. ती जिंकली की कुणाला विचारावं लागत नाही. दुसरा रस्ता समितीचा: उरलेल्यांतून तिला योग्य वाटतील ते संघ ती घेते. काठावर लोंबकळणाऱ्या संघांना 'बबल'वरचे म्हणतात.

हा दुसरा रस्ता पूर्वी नव्हता, आणि तो उघडण्यात आमच्या लाल संघाचाही हात आहे. १९७४ च्या एसीसी अंतिम सामन्यात एनसी स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत १०३-१०० असं हरवलं. मेरीलँड तेव्हा देशातल्या सर्वोत्तम संघांपैकी एक. पण कॉन्फरन्सचा फक्त विजेता पुढे जाणार, हा नियम, त्यामुळे तो संघ स्पर्धेबाहेर राहिला. स्टेटने पुढे आपला खेळाडू डेव्हिड थॉम्पसनच्या जोरावर सलग सात वर्षं विजेत्या असलेल्या यूसीएलएला उपांत्य फेरीत हरवलं आणि करंडक आणला. पुढच्याच वर्षी स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून जास्त संघांना दार उघडलं.

२०२४ मध्ये आमच्यासाठी दुसरा रस्ता बंद होता. उरला पहिला, आणि त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये पाच दिवसांत पाच सामने जिंकायचे होते. मंगळवारी लुइव्हिल. बुधवारी सिराक्यूज. गुरुवारी ड्यूक, ७४-६९. शुक्रवारी व्हर्जिनिया.

त्या शुक्रवारचे शेवटचे सहा सेकंद नव्या प्रेक्षकाने शोधून पाहावेत. व्हर्जिनिया ५८-५५ अशी पुढे आणि त्यांच्या खेळाडूला वन अँड वन. पहिला थ्रो आत गेला असता तर जवळपास सगळं संपलं असतं. तो हुकला. चेंडू मायकेल ओकॉनेलकडे आला. तो तसाच धावत मैदान ओलांडून गेला आणि वेळ संपता संपता त्याने तीन गुणांच्या रेषेमागून शॉट मारला. चेंडू फळीवर आपटला, रिंगवर नाचला आणि आत पडला. जादा वेळेत स्टेटने ७३-६५ असा सामना काढला. शनिवारी कॅरोलायनाला ८४-७६ असं हरवून १९८७ नंतरचं पहिलं एसीसी विजेतेपद घेतलं. चार दिवसांपूर्वी ज्यांना कुणी मोजत नव्हतं, ते आत होते.

सहावी पायरी: ब्रॅकेट वाचा

मार्चच्या मध्यावरच्या रविवारी, ज्याला सिलेक्शन संडे म्हणतात, संघ जाहीर होतात. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ मानांकन. पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी. मंगळवारी आणि बुधवारी ओहायोतल्या डेटन शहरात चार प्राथमिक सामने होतात आणि ६८ चे ६४ उरतात. गुरुवारपासून खरी धमाल: दोन दिवसांत ३२ सामने, दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत. दुसऱ्या शनिवार-रविवारअखेर फक्त चार संघ उरतात, तेच फायनल फोर. हरला तो गेला, इथे दुसरी संधी नाही.

भरताना माझा सल्ला एवढाच: पहिल्या मानांकनाच्या संघांना पहिल्या फेरीत पुढे न्या. सोळाव्याकडून पहिला हरल्याचं पुरुषांच्या स्पर्धेत दोनदाच झालं आहे, २०१८ मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला आणि २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला हरवलं तेव्हा. धक्के शोधायचे तर पाचवा विरुद्ध बारावा आणि सहावा विरुद्ध अकरावा या सामन्यांत शोधा. आणि तुमचा संघ आत असेल तर त्याला एक फेरी तरी पुढे न्याच, हिशेब काहीही सांगो.

आम्हाला अकरावं मानांकन मिळालं होतं. टेक्सस टेकला हरवलं, मग ओकलंडला जादा वेळेत, मग मार्केटला. ३१ मार्च, ईस्टरचा रविवार, समोर पुन्हा ड्यूक. डीजे बर्न्स हा आमचा थोराड बांध्याचा डावखुरा सेंटर. त्याच्याकडे पाहून कुणी त्याला चपळ म्हणणार नाही. पण बास्केटकडे पाठ करून एका खांद्याने समोरच्याला हळूहळू मागे सरकवत तो असा वळायचा, की वाटावं घरातल्या खोलीतच फिरतोय. त्या दिवशी त्याने २९ गुण केले. ७६-६४. त्याच दिवशी आमच्या मुलींनी टेक्ससला हरवून महिलांचं फायनल फोर गाठलं. एकाच कॉलेजचे दोन्ही संघ, एकाच दिवशी! रॉलीतला कॉलेजचा घंटेचा मनोरा, बेलटॉवर, लाल दिव्यांनी उजळला आणि त्याखाली गर्दी मावेना.

आणखी एक गोष्ट त्या धामधुमीत मनात राहिली. आमचा मोहम्मद दियारा हे सगळे सामने खेळत होता तेव्हा रमजान चालू होता आणि तो रोजे धरत होता. सूर्य मावळला की बाकावर बसून दोन घास खायचे आणि पुन्हा मैदानात.

फायनल फोरमध्ये पर्ड्यूने आम्हाला ६३-५० असं हरवलं. सलग नऊ विजयांनंतर २६-१५ वर हंगाम थांबला. १९८३ ची पुनरावृत्ती झाली नाही. त्या वर्षी प्रशिक्षक जिम वॅल्व्हॅनो यांचा दहा सामने हरलेला संघ अंतिम फेरीत ओलाजुवान-ड्रेक्सलरच्या ह्यूस्टनसमोर उभा होता. डेरेक व्हिटनबर्गचा लांबून मारलेला शॉट तोकडा पडला, तो लॉरेन्झो चार्ल्सने हवेतच झेलून शेवटच्या क्षणी बास्केटमध्ये घातला. ५४-५२. वॅल्व्हॅनो मैदानावर मिठी मारायला माणूस शोधत सैरावैरा धावत होते. ते दृश्य दर मार्चला टीव्हीवर दाखवतात, आणि मी दर मार्चला पाहते.

सातवी पायरी: हंगामाचं मोल ठरवताना

शेवटी ६८ पैकी ६७ संघांचा हंगाम पराभवानेच संपतो. त्यामुळे शेवटच्या सामन्यावरून वर्ष मोजू नका. २०२५ चं ड्यूक घ्या. कूपर फ्लॅग हा पहिल्या वर्षाचा असामान्य खेळाडू, एसीसीची नियमित हंगामाचं आणि स्पर्धेचं अशी दोन्ही विजेतेपदं, ३५-४. फायनल फोरमध्ये ह्यूस्टनविरुद्ध साधारण ३५ सेकंद उरले असताना ते ६ गुणांनी पुढे होते आणि ६७-७० असे हरले. मला ड्यूक आवडत नाही, तरी तो हंगाम अपयशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वहीतल्या चारही रकान्यांत इतका चांगला संघ मी या भागात क्वचित पाहिला आहे.

आठवी पायरी: एप्रिलमध्ये जमवाजमव

अंतिम सामना एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास होतो, आणि त्याच सुमाराला संघ फुटू लागतात. फ्लॅगसारखे एक वर्ष खेळून एनबीएत जातात (२०२५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या खेळाडू-निवडीत, डॅलसने त्याला पहिला घेतला). बाकीचे ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव नोंदवून दुसऱ्या कॉलेजात जातात. २०२१ पासून बदली घेतल्यावर वर्षभर बसून राहावं लागत नाही आणि त्याच वर्षापासून स्वतःच्या नावावर पैसेही कमावता येतात. जुने चाहते यावर फार चिडतात. मला त्यांचं दुःख समजतं, पण ज्या संघावर मी इतकं प्रेम केलं तो पोर्टलनेच जुळवला होता: बर्न्स विन्थ्रॉपहून आला, ओकॉनेल स्टॅनफर्डहून, दियारा मिझुरीहून, आणि डीजे हॉर्न ॲरिझोना स्टेटहून आपल्या जन्मगावी रॉलीत परतला. मुलांनी मेहनतीचे पैसे घेतले तर त्यात मला वावगं काही दिसत नाही.

याचा अर्थ तुम्हाला दर उन्हाळ्यात नव्या मुलांची नावं पाठ करावी लागतील. करा. आणि पडझडीची तयारी ठेवा. फायनल फोरनंतरच्या वर्षी आम्ही १२-१९ होतो. कॉन्फरन्स तोवर अठरा संघांची झाली होती आणि तिच्या स्पर्धेत पहिल्या पंधरांनाच प्रवेश होता, त्यात आम्ही बसलो नाही. कीट्स गेले, विल वेड आले.

पाहायचं कुठे, कधी

अमेरिकेत हंगामातले बरेच सामने ईएसपीएनच्या वाहिन्यांवर आणि एसीसी नेटवर्कवर असतात. मार्चची पुरुषांची स्पर्धा सीबीएस, टीएनटी, टीबीएस आणि ट्रूटीव्हीवर, महिलांची ईएसपीएनकडे. महिलांची स्पर्धा सोडू नका. २०२४ च्या महिलांच्या अंतिम सामन्याला, साउथ कॅरोलायना विरुद्ध केटलिन क्लार्कची आयोवा, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त प्रेक्षक लाभले. मैदानात जाऊन पाहायचं असेल तर रॉलीत महिलांचा संघ खेळतो त्या जुन्या रेनॉल्ड्स कोलिसियमपासूनच सुरुवात करा. १९४९ ची इमारत, खेळाडू अगदी जवळ, आणि मुलांना घेऊन जायला सर्वांत सोयीची.

भारतातून जागून पाहणाऱ्यांसाठी: इथला संध्याकाळी ७ चा सामना हिवाळ्यात तिकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं पुढे गेली की पहाटे साडेचारला. पुण्यात माझी बहीण चहा टाकते तेव्हा इथे पहिलं सत्र संपत आलेलं असतं, आणि तिचा मेसेज येतो: "बर्न्सच्या जागी तो नवीन कोण गं?"